आमची शाळा ‘कंट्रोल’मधे आली आणि कार्डांचे फोटो माझ्या फोनमधे आहेत

शेंगाचटणी, सोमवार रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरजवळच्या एका झेडपीच्या शाळेवर आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. द्विशिक्षकी शाळा, पट ४१. आया घरी विड्या वळतात, बाप यंत्रमागावर नाहीतर एमआयडीसीत. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, शाळेत आली की मराठी.

तर जुलैमधे एका संस्थेची माणसं आली, सोबत विद्यापीठातले दोघं. वाचनाचा एक कार्यक्रम आहे, रंगीत कार्डं, गोष्टींच्या पट्ट्या, रोज एक तास, पोरं इयत्तेप्रमाणे न बसवता ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करून बसवायची. तो चालतो का हे बघायला तालुक्यातल्या काही शाळा घेतल्या. निम्म्यांना कार्यक्रम मिळणार, निम्म्यांना नाही. आमची शाळा नाहीमधे. त्याला ते ‘कंट्रोल’ म्हणतात. आम्हाला काय, तर वर्षातून दोनदा दोन मुली येऊन पोरांची वाचन चाचणी घेऊन जाणार. बास.

हे मी मुकाट्याने घेतलं असतं. पण माझी धाकटी जाऊ दुसऱ्या बीटमधे शिक्षिका आहे आणि तिची शाळा मिळणाऱ्यांत आहे. रविवारी घरी आली, भाकऱ्या थापता थापता सांगत बसली की ताई काय भारी आहेत हो ती कार्डं, आणि रात्री घरी जाऊन सगळ्या कार्डांचे फोटो व्हॉट्सॅपवर पाठवले. ६४ फोटो. फोन हँग झाला माझा.

आता ते फोटो माझ्याकडे आहेत. शाळेत कलर प्रिंटर नाही पण अशोक चौकात झेरॉक्सवाला आहे. काढू का प्रिंट? जाऊ म्हणते काढ की, कोण बघतंय. मुख्याध्यापक म्हणतात मला काही माहीत नाही, तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. आणि शनिवारी पालकसभा आहे, तिथे कुणीतरी विचारणारच की शेजारच्या गावात पेट्या आल्या, आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय. काय सांगू?

हुतात्मा_एक्सप्रेस, सोमवार रात्री १०.३१

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी साडेसहाची गाडी पकडायचीय, गाडीत बसून वाचतो. ६४ फोटो म्हणजे जाऊ नाही, सीबीआय आहे.

जुळेसोलापूरकर, सोमवार रात्री १०.४४

यात विचारायचं काय मॅडम? काढा प्रिंट, लागतील तेवढे पैसे मी देतो, खरंच देतो, मला वेगळा निरोप करा. पोरगं समोर बसलंय, त्याला वाचता येत नाहीये, तुमच्या हातात वस्तू आहे, आणि कुणाच्या तरी पीएचडीसाठी तुम्ही ती लपवून ठेवणार? माझा मुलगा चौथीत असता तर मी शाळेत येऊन बसलो असतो.

आकडेमोड, सोमवार रात्री ११.५५

थांबा जरा. मी मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात, पोटापाण्यासाठी आकड्यांचंच काम करतो म्हणून लिहितोय, वर त्या संस्थेशी माझा संबंध नाही.

आधी निम्म्या शाळांना का नाही ते. समजा सगळ्यांना दिलं आणि वर्षअखेर पोरं बरी वाचायला लागली. कशाने लागली? कार्डांनी, का वर्षभराने मोठी झाली म्हणून, का त्या वर्षी अधिकाऱ्यांनी तपासण्या वाढवल्या म्हणून? सांगता येत नाही. आणि ज्या शाळांनी हात वर केला त्यांनाच दिलं, तर हौशी मास्तरांच्या शाळा तशाही पुढेच असतात. म्हणून चिठ्ठ्या. चिठ्ठ्या टाकल्या की हौशी मास्तर दोन्हीकडे विखुरतात, तेलुगू पोरं दोन्हीकडे विखुरतात, मग जो फरक उरतो तो कार्डांचा.

आता फोटो. तुम्ही प्रिंट काढली, तुमच्यासारख्या आणखी चार-पाच जणींनी काढली (जावा सगळीकडे असतात), तर वर्षअखेर दोन्ही गटांत फरकच दिसणार नाही, अहवालात येईल ‘परिणाम आढळला नाही’ आणि कार्यक्रम गुंडाळला जाईल. चांगला असूनही.

हे हवेतलं बोलत नाहीये. केनियात बुसिया भागात ७५ शाळांमधे जंताच्या गोळ्यांचा प्रयोग झाला होता, एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांचा, निकाल २००४ ला छापला. शाळांचे तीन गट, एकाला १९९८ ला गोळ्या, दुसऱ्याला १९९९ ला, तिसऱ्याला २००१ ला. झालं असं की गोळी घेतलेल्या पोरांमुळे आजूबाजूला जंतच कमी पसरले, त्यामुळे गोळी न घेतलेल्यांचेही जंत कमी झाले. म्हणजे कंट्रोलवाल्यांनाही फुकटात फायदा, आणि साधी वजाबाकी केली असती तर गोळी आहे त्यापेक्षा पाणचट दिसली असती. त्यांनी ते धरून हिशोब मांडला, गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने कमी झाली म्हणाले. पुढे २०१५ च्या सुमाराला दुसऱ्या लोकांनी तोच डेटा उघडून पुन्हा मांडला, तर लांबच्या शाळांवरच्या परिणामाच्या हिशोबात चूक निघाली आणि मग जे भांडण पेटलं त्याला ‘वर्म वॉर्स’ असंच नाव पडलं. क्रेमरना २०१९ चं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लोंबरोबर, तरी भांडण मिटलेलं नाही.

ताई, मी सांगेन तर असं: प्रिंट काढायच्या आधी त्यांना तीन गोष्टी विचारा. आम्हाला कार्यक्रम मिळणार का आणि कोणत्या महिन्यात. चाचणीत आमची पोरं कुठे आहेत ते आम्हाला दाखवणार का. आणि पालकांची संमती कुणी, कोणत्या भाषेत घेतली.

गड्डा, मंगळवार सकाळी ७.०५

आकडेमोड साहेब, छान लिहिलंत. एकच शंका. हे प्रयोग नेहमी विडी कामगारांच्याच पोरांवर का हो? होटगी रोडच्या इंग्लिश मिडियमच्या शाळेत जाऊन सांगा की तुमच्या अर्ध्या वर्गांना या वर्षी गणिताचा नवीन कार्यक्रम नाही, चिठ्ठी तशी निघाली. पालक गेट तोडतील बे. गरीब माणूस विचारत नाही म्हणून त्याची चिठ्ठी निघते, एवढं सोपं आहे ते.

जुळेसोलापूरकर, मंगळवार सकाळी ७.४०

गड्डा +१०००

हुतात्मा_एक्सप्रेस, मंगळवार सकाळी ८.१५

कुर्डुवाडी गेलं. वाचून झालं. गड्डाशी सहमत पण आकडेमोडशीही सहमत, त्यामुळे चहा घेतो.

बार्शीलाइट, मंगळवार दुपारी २.२०

मी बार्शीची, नर्सिंगमधे २२ वर्षं झाली. गड्डांच्या प्रतिसादाने राहवलं नाही म्हणून ड्युटी संपल्यावर लिहायला बसले, लांब होईल, कंटाळा आला तर सोडा.

आपल्या जिल्ह्यात, आपल्याच बार्शीतून, जगाने दखल घेतलेलं संशोधन झालंय हे सोलापूरच्या लोकांनाच माहीत नसतं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमधे १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे, बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांची, खेड्यातली अशी देशातली पहिली. त्यांना एक अडचण आली. शहरात माणूस आजारी पडला की दवाखान्यात येतो, तिथे नोंद होते. खेड्यात येतच नव्हता. मग नोंदणीवाले गावोगाव फिरायला लागले, सभा घ्यायचे, बायांना सांगायचे की अंगावरून पाणी जातंय, मधेच रक्त जातंय तर दाखवा. आणि गंमत म्हणजे त्यामुळेच गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडायचं प्रमाण वाढलं. मोजायला गेले होते, मोजण्याच्या नादात उपचार होऊन बसला.

मग १९९९ ला मोठा अभ्यास सुरू झाला, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठीने चार भाग: एकात एचपीव्ही चाचणी (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो आहे का बघायचं), एकात पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन तपासायच्या), एकात व्हीआयए (साधं व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्याने बघायचं, पांढरा डाग उठतो का), आणि चौथ्यात काही नाही, नेहमीची जी काय सरकारी सोय ती. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं पाठपुरावा. माझी मोठी मावशी तिकडची, तिला जीप आलेली आठवते आणि कार्डावर नंबर होता एवढं आठवते, कोणत्या भागात होती ते तिला आजही सांगता येत नाही, आणि ते कार्ड तिने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं कारण सरकारी कागद टाकायचा नसतो.

निकाल २००९ ला आला. एचपीव्हीवाल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, काहीच न केलेल्या गटात ६४. जवळजवळ निम्मे. आणि आता हे नीट वाचा जुळेसोलापूरकर: पॅप आणि व्हीआयए ज्यांना मिळालं त्या दोन गटांत मृत्यूंमधे ठोस म्हणावी अशी घट दिसलीच नाही. म्हणजे ‘मिळालं’ म्हणजे फायदा झाला असं नाही. तेव्हा विचारलं असतं तर प्रत्येक डॉक्टरने पॅपच्या बाजूने बोट वर केलं असतं.

आणि त्याच व्हीआयएने मुंबईत झोपडपट्ट्यांमधे टाटाच्या लोकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या केल्या, साध्या आरोग्यसेविकांकडून, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. इथे एकदाच, तिथे चारदा. वस्तू तीच. म्हणून नुसतं ‘व्हीआयए चांगलं का वाईट’ असं विचारून उत्तर येत नाही, किती वेळा, कोणी, कुठे ते पण विचारावं लागतं.

गड्डा, मंगळवार दुपारी ३.०२

ताई, मान आहे तुमच्या कामाला. पण तुम्हीच लिहिलंत ते परत वाचा. ६४ वजा ३४. त्या ज्या तीस बाया जास्त गेल्या त्यांच्या घरी जाऊन ही वजाबाकी समजावून सांगणार का?

बार्शीलाइट, मंगळवार संध्याकाळी ६.४८

नाही सांगू शकत. आणि हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारलेला नाही. भारतातल्या या अभ्यासांवर पुढे बाहेरच्या आणि इथल्या लोकांनीही जोरात टीका केली, की व्हीआयए आणि पॅपचा उपयोग माहीत असताना कंट्रोलच्या बायकांना तपासणीशिवाय ठेवलंच कसं. करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या जिल्ह्यात तेव्हा तपासणी कुणालाच नव्हती, आम्ही कुणाकडून काढून घेतलं नाही, त्या बायकांनाही कुठे तपासून घेता येईल ते सांगितलं होतं. दोन्ही बाजू वाचल्यात मी. माझं मत विचाराल तर पॅप एकदाच करून खेड्यात चालेल का हे खरोखर कुणाला माहीत नव्हतं, पण काहीच न करण्याचा गट इतकी वर्षं तसाच ठेवायला हवा होता का, तिथे मी अडते. मावशीचा चेहरा येतो डोळ्यांपुढे.

अजून एक सांगते मग थांबते. एचपीव्हीच्या लशीचा अभ्यास २००९ ला सुरू झाला, बार्शी त्यातलं एक केंद्र, दोन डोस पुरतात का तीन लागतात ते बघायचं होतं. दुसऱ्याच एका प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्यावर गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० ला सरकारने लशीचे सगळेच अभ्यास थांबवले. त्यामुळे हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. कुणी ठरवून ठेवलेल्या नव्हत्या हां, अडकल्या. दहा वर्षं त्यांना तपासत राहिले आणि दिसलं की एक डोसही टिकाऊ संसर्गाला साधारण ९५ टक्के अडवतो. २०२२ ला डब्ल्यूएचओने एक डोस चालेल म्हणून सांगितलं, त्यामागे या मुलीही आहेत. अर्धवट राहिलेला अभ्यास, पण पोरींना सोडून दिलं नाही, हाक मारून परत परत बोलावलं म्हणून कळलं.

हुतात्मा_एक्सप्रेस, मंगळवार रात्री ९.१०

गाडीत उभं राहून वाचला हा प्रतिसाद. बार्शी म्हणजे भगवंत मंदिर आणि आमटी एवढंच माहीत होतं. धन्यवाद ताई, खरंच.

आशा_अक्कलकोट, मंगळवार रात्री ९.५५

मला एवढं चांगलं लिहिता येत नाही मी आशा आहे दहा वर्ष झाले पण शेंगाचटणी मॅडम तुमचा धागा वाचून बोलावं वाटलं कारण आमचं ते एचबीएनसी म्हणजे बाळंतिणीच्या घरी जायचं ३ ७ १४ २१ २८ ४२ व्या दिवशी आणि बाळंतपण घरी झालं असलं तर पहिल्या दिवशी पण, झोळीच्या काट्याला बाळ टांगून वजन करायचं, ताप बघायचा, हे सगळं गडचिरोलीवरून आलं आहे असं आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं. बंग डॉक्टरांनी तिथं ३९ गावात गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन बाळ बघायला लावलं आणि ४७ गावं नेहमीसारखी ठेवली होती म्हणजे तीच तुमची कंट्रोल, आणि तिसऱ्या वर्षी बाळं दगावायचं प्रमाण ६२ टक्के कमी आलं. १९९९ ला ते छापलं आणि आम्हाला ते काम २०११ ला मिळालं म्हणजे बघा बारा वर्ष. मला नेहमी वाटतं ती ४७ गावं नसती तर दिल्लीच्या साहेबांनी ऐकलं असतं का, एवढ्याला ऐकायला बारा वर्ष लागली. पण त्या ४७ गावातली आई मी असते तर मी पण भांडले असते. दोन्ही खरं आहे. माझी पोरगी पण झेडपीतच आहे.

कन्नाचौक, बुधवार सकाळी ६.३०

आशाताई, लिहिता येत नाही म्हणता आणि सगळ्यांत नेमकं तुम्हीच लिहिलंत.

माझं वय ७१. आमच्या आजोबांना टीबी होता, मागावर काम, छातीत सूत जायचं. तेव्हा टीबी म्हणजे मिरजेला सॅनिटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी. आमच्याकडे कुठून येणार, मरणाची वाट बघत घरीच. आणि मग मद्रासला १९५६ मधे प्रयोग सुरू झाला, पेशंट चिठ्ठीने वाटले, निम्मे सॅनिटोरियममधे, निम्मे आपल्या घरी, कोंदट खोलीत, जे मिळेल ते खाऊन. औषध दोघांना सारखं. १९५९ ला निकाल: दोघे जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांमुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही नाही. इथे कंट्रोलला चांगली जागा मिळाली होती आणि तरी जिंकलं घरच. त्यानंतर हळूहळू जगभर सॅनिटोरियम ओस पडली. ज्यांच्या चिठ्ठीत घर निघालं ते त्या दिवशी रडले असतील.

पण त्यातून एक चुकीचा अर्थ पसरला, की टीबीला खाण्याचं महत्त्व नाही. २०२३ ला झारखंडमधल्या रेशन्स नावाच्या अभ्यासाने तो खोडला. तिथे पेशंटांना सगळ्यांनाच महिन्याला दहा किलोचं धान्य दिलं, दोन्ही गटांत. फरक फक्त घरातल्या इतरांचा, निम्म्या ठिकाणी त्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी. मद्रासने विचारलं होतं ‘औषध चालू असताना बरा होतो का’, झारखंडने विचारलं ‘घरात दुसऱ्याला होतो का’. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं. आणि गड्डा, तुमच्यासाठी: आजारी माणसाला उपाशी ठेवून तुलना केली नाही त्यांनी. असंही करता येतं.

आता शेंगाचटणी बाई, माझी एक शंका. चाचणी मराठीत आहे ना? आमची पोरं घरी तेलुगू बोलतात. वाचता येणं आणि कळणं यात घोळ होईल.

शेंगाचटणी, बुधवार रात्री १०.४०

काका, अगदी दुखरी नस पकडलीत. पहिली चाचणी झाली तेव्हा मी वर्गाच्या दारात उभी होते. चौथीतला एक आहे, विड्यांचा कट्टा पोचवायला आजीबरोबर जातो म्हणून दर शनिवारी उशिरा येतो. त्याला परिच्छेद दिला. बोट ठेवून वाचलं, ‘गावात एक वि ही र होती’. अक्षर न अक्षर बरोबर. मुलीने विचारलं, गावात काय होतं रे? गप्प. परत विचारलं. गप्प. तिने फॉर्मवर काहीतरी खूण केली. मधल्या सुट्टीत मी त्याला म्हटलं अरे विहीर म्हणजे बावी. तर म्हणतो, बावी होय, मग तसं लिहायचं की.

या धाग्यावर एवढं वाचायला मिळेल वाटलं नव्हतं. पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे, प्रिंट काढू का नको. 

आकडेमोड, बुधवार रात्री ११.३०

बावीवाल्याबद्दल आधी. तेलुगू पोरं दोन्ही गटांत असतील तर तुलनेवर फार परिणाम होणार नाही, दोन्हीकडे सारखीच चूक. पण शाळा थोड्या असतील आणि चिठ्ठीत तुमच्याकडे तेलुगू जास्त आली तर होईल. हे त्यांना लेखी कळवाच, चांगले संशोधक असतील तर आनंदाने घेतील.

आता प्रिंट. एक गोष्ट मी परवाच लिहायला हवी होती. तुम्ही सांगताय तो पातळीप्रमाणे गट करायचा प्रकार ‘प्रथम’ या संस्थेने सुरू केलेल्या कामातून आलेला दिसतोय. मुंबई आणि वडोदऱ्याला बालसखीचा अभ्यास झाला तेव्हा वस्तीतलीच एखादी मुलगी मागे राहिलेल्या पंधरा-वीस पोरांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. वडोदऱ्यात त्यांनी छान युक्ती केली होती: एका शाळेला तिसरीसाठी बालसखी, दुसऱ्या शाळेला चौथीसाठी, म्हणजे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि एकीची तिसरी दुसरीच्या तिसरीची कंट्रोल झाली. गड्डा, हे पण ‘असंही करता येतं’मधलंच. पोरं सुधारली, मात्र कार्यक्रम सुटल्यावर वर्षभरात बराच फायदा ओसरला तेही त्यांनीच छापलं.

मुद्दा पुढचा आहे. नंतर बिहारमधे त्यांनी वेगवेगळे तुकडे करून बघितले. जिथे शाळेला नुसतं साहित्य दिलं तिथे वाचनात काही फरक नाही. साहित्य आणि शिक्षकांचं ट्रेनिंग दिलं, तरी विशेष नाही. साहित्य, ट्रेनिंग आणि गावातले स्वयंसेवक शिकवायला, तिथे फरक पडला. हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच त्यासाठी वेगळा तास काढला आणि वरचे अधिकारी लक्ष ठेवून राहिले, तिथे सरकारी मास्तरांकडूनही हिंदी वाचन सुधारलं. 

म्हणजे ताई, तुमच्या फोनमधे जे ६४ फोटो आहेत ते नुसतं साहित्य आहे. त्यावरून एवढं रामायण करण्यात अर्थ नाही. खरी वस्तू तो तास आहे.

जुळेसोलापूरकर, बुधवार रात्री ११.४८

मग तो तास तर मॅडम आजही घेऊ शकतात ना? त्याला कुणाची परवानगी लागते? कंट्रोल म्हणजे ‘नेहमीसारखं चालू द्या’, ‘शिकवू नका’ असं कुठे आहे? चांगली बाई नेहमीच काहीतरी जादा करत असते, ते नेहमीसारखंच झालं की.

आकडेमोड, गुरुवार सकाळी ८.२०

पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत. स्वतःच्या डोक्याने जे कराल ते करा. त्यांचीच कार्डं वापरली तर मात्र लपवू नका, सांगा. लपवलेलं मिसळणं सगळ्यात वाईट, सांगितलेलं हिशोबात धरता येतं.

हुतात्मा_एक्सप्रेस, गुरुवार सकाळी ८.२४

प्रतिसाद काढून टाकला आहे. (जावेवर केलेला विनोद होता, बायकोने वाचला.)

गड्डा, गुरुवार दुपारी १.१५

माझं मत बदललेलं नाही. पण बार्शीताईंनी ‘तिथे मी अडते’ असं लिहिलं त्याचा मान राखून आता गप्प बसतो. शनिवारी काय झालं ते लिहा मॅडम.

शेंगाचटणी, रविवार संध्याकाळी ७.१८

लिहिते. काल पाणी यायचा दिवस होता त्यामुळे अर्ध्याच बाया सभेला आल्या, १४ जणी आणि दोन बाप्ये.

त्याआधी शुक्रवारी मी संस्थेच्या मुलीला फोन केला आणि सरळ सांगितलं की कार्डांचे फोटो माझ्याकडे आहेत. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली मॅडम तुम्ही तिसऱ्या. तिच्याकडे एक वही आहे, त्यात यासाठी रकानाच आहे म्हणे. तारीख लिहिली, किती पोरांनी पाहिली विचारलं, शून्य लिहिलं. आकडेमोडांचे तीन प्रश्न पण विचारले. संमती मुख्याध्यापकांची घेतली होती, पालकांची नाही, यावर ती जरा चाचरली आणि वर विचारते म्हणाली. पोरांचे निकाल देणार. आणि कार्यक्रम पुढच्या जूनमधे आमच्याकडे येणार, तसं पत्र दिलं, सही-शिक्क्याचं.

ते पत्र मी सभेत वाचून दाखवलं. तेलुगूत एका आईने बाकीच्यांना सांगितलं. चिठ्ठ्या कशा टाकल्या, का टाकल्या, आशाताईंची ३९ आणि ४७ गावं पण सांगितली, ते सगळ्यांना पटकन कळलं कारण काट्याला टांगलेलं बाळ प्रत्येकीने बघितलंय. मला वाटलं जिंकलं. तेवढ्यात त्या बावीवाल्याची आजी, सूप घेऊनच आली होती सभेला, मांडीवर सूप आणि हात चालू, वर न बघता म्हणाली, बाई, जूनमधे हा पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार. मग याला काय?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या एवढ्या धाग्यात कुणाच्याच लक्षात आलं नाही बघा ते. उशिरा मिळणार म्हणजे शाळेला मिळणार, चौथीच्या या सातजणांना नाही.

फोटो डिलीट केले नाहीत, प्रिंटही काढली नाही. काल रात्री बसून जुन्या किशोरच्या अंकांमधल्या गोष्टी मोठ्या अक्षरात हाताने लिहिल्या, अवघड शब्दाखाली तेलुगू आणि कन्नड शब्द देवनागरीत. उद्यापासून चौथीच्या सातजणांना शाळा भरायच्या आधी पाऊण तास. जावेला सांगितलं, ती म्हणाली ताई तुमची अक्षरं आमच्या कार्डांपेक्षा बरी आहेत, फोटो पाठवा. नाही पाठवले.

आकडेमोड, हा पाऊण तास पण त्या वहीत लिहायला सांगू का?

आकडेमोड, रविवार संध्याकाळी ७.३१

सांगा. तारखेसकट. आणि जावेला पाठवू नका, प्लीज.

आशा_अक्कलकोट, रविवार रात्री ९.०२

मला पाठवा मॅडम आमचं गाव तुमच्या अभ्यासात नाही